विद्यार्थी आणि वृत्तपत्रवाचन

विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी चालू घडामोडींची माहिती कोणत्या साधनांनी, कोठे बसून, कोणाच्या संगतीने व कोणत्या हेतूने मिळविली, याचा इतिहास वृत्तपत्रांच्या सर्वसाधारण इतिहासाहून काहीसा वेगळा आहे [⟶ वृत्तपत्रे]. विद्यार्थ्याजवळ अक्षरज्ञान व फावला वेळ असतो; पैसा मात्र बेताचाच असतो. त्यामुळे वृत्तपत्र विकत घेऊन घरी वाचण्यापेक्षा ते वाचनगृहात, वसतिगृहात किंवा कॉफीगृहात इतरांबरोबर वाचणे आणि वाचता वाचता त्यावर वाद घालणे, हीच या वर्गाची रीत बहुतेक देशांत पडली. तरुण, एकत्र राहणारा आणि अद्याप संसारात न अडकलेला वाचक ही राज्यकर्त्यांच्या दृष्टीने नेहमीच चिंतेची बाब ठरली. म्हणून या विषयाचा बराचसा इतिहास निर्बंधांच्या कागदपत्रांतूनच हाती लागतो. बातमी वाचण्याच्या सवयींत देशपरत्वे जो फरक दिसतो, तो तरुणांच्या स्वभावभेदापेक्षा शासनव्यवस्था, शिक्षणाची भाषा, वाचनाच्या जागा आणि परीक्षांची पद्धती यांतून अधिक प्रमाणात उत्पन्न झालेला आहे.

जर्मन-भाषिक प्रदेश : विद्यार्थी व वृत्तपत्रे यांची सांगड कायद्यानेच प्रथम ठळकपणे घातली ती जर्मनीत. साक्स-व्हायमार संस्थानाच्या १८१६ च्या संविधानाने मुद्रणस्वातंत्र्य मान्य केल्यामुळे येना हे विद्यापीठाचे गाव राजकीय नियतकालिकांचे केंद्र बनले होते. तेथील इतिहासाचा प्राध्यापक हाइन्रिख लूडेन हा स्वतः नेमेसिस हे नियतकालिक चालवीत असे व त्याचे श्रोते आणि वाचक बहुधा एकच असत. नाटककार आउगुस्ट फोन कॉट्‌सेबू हा रशियाच्या झारला जर्मनीतील वैचारिक जीवनाविषयी वृत्तांत पाठवीत असे. त्यांपैकी एका वृत्तांताची प्रत लूडेनच्या हाती लागली आणि १८१८ मध्ये त्या प्रकरणाचा मोठा गवगवा झाला. पुढे २३ मार्च १८१९ रोजी येनाचाच विद्यार्थी कार्ल झांट याने मॅनहाइम येथे कॉट्‌सेबूचा खून केला. ऑस्ट्रियाचा मंत्री मेटरनिख याला हवे असलेले निमित्त त्यामुळे मिळाले. त्याच वर्षी संमत झालेल्या कार्ल्सबाडच्या आज्ञप्तींत विद्यापीठांविषयीचा कायदा आणि मुद्रणाविषयीचा कायदा हे एकमेकांलगतच होते. प्रत्येक विद्यापीठावर शासनाचा एक अधिकारी नेमावा, एका विद्यापीठातून काढलेल्या विद्यार्थ्यास दुसऱ्या विद्यापीठाने प्रवेश देऊ नये, विद्यार्थ्यांच्या संघटना बंद कराव्यात, अशी पहिल्या कायद्याची कलमे होती. तर वीस फर्म्यांहून कमी असलेले प्रत्येक प्रकाशन छपाईपूर्वी तपासून घ्यावे, असे दुसरा कायदा सांगत होता. जाडजूड ग्रंथ मोकळा आणि चार पानांचे पत्र मात्र बंदिस्त, यातील तर्क उघड आहे : ग्रंथ वाचावयास वेळ लागतो व तो एकट्याने वाचला जातो. या आज्ञप्ती १८४८ पर्यंत अंमलात होत्या.

त्या वर्षीच्या क्रांतीनंतर ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात विद्यार्थ्यांची वाचनगृहे निघाली. देशोदेशींची दैनिके मांडलेली लांब मेजे, लहानसा ग्रंथसंग्रह आणि व्याख्यानांसाठी एक दालन, असे त्यांचे साधारण स्वरूप असे. व्हिएन्नात १८७१ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन विद्यार्थ्यांच्या वाचनसंघाचे झीग्मुंट फ्रॉइड आणि पुढे समाजवादी नेता म्हणून गाजलेला व्हिक्टर आडलर हे सभासद होते. वाचन हा संघाचा जाहीर हेतू असला, तरी जर्मन राष्ट्रवादाची चर्चा तेथे चाले. त्यामुळे शासनाने १८७८ मध्ये तो विसर्जित केला.

प्रागमधील परिस्थिती अधिक बोधप्रद आहे. तेथील जर्मन विद्यार्थ्यांचे ‘वाचन व वक्तृत्व सभागृह’ १८४८ मध्ये स्थापन झाले, तर चेक विद्यार्थ्यांनी पाठोपाठ १८४९ मध्ये आपला स्वतंत्र वाचनसंघ काढला. म्हणजे एकाच विद्यापीठात, एकाच प्राध्यापकांपुढे बसणारे विद्यार्थी संध्याकाळी दोन वेगळ्या इमारतींत, दोन वेगळ्या भाषांतील वृत्तपत्रांतून त्याच दिवसाच्या घटना वाचत असत. विद्यापीठाची जर्मन व चेक अशी अधिकृत विभागणी झाली ती १८८२ मध्ये. वाचनाच्या मेजावर ती सु. तेहतीस वर्षे आधीच झालेली होती. पुढे फ्रांट्‌स काफ्का याच जर्मन सभागृहाचा सभासद झाला व तेथील एका व्याख्यानाच्या वेळी १९०२ मध्ये त्याची माक्स ब्रोटशी ओळख झाली. काफ्काच्या वाङ्मयीन कीर्तीमुळे या संस्थेचे नाव टिकून राहिले. १८८९ मध्ये बंद करण्यात आलेल्या चेक वाचनसंघाची आठवण मात्र चेक इतिहासाच्या अभ्यासकांपुरतीच उरली.

इंग्लंड व अमेरिका : इंग्लंडमध्ये हेच कार्य वादसभांनी केले. केंब्रिज युनियन (१८१५) ही संस्था १८१७ मध्ये कुलगुरूंनी बंद केली होती. ती १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाली ती चालू राजकारण चर्चेस घ्यावयाचे नाही, या अटीवर. ऑक्सफर्ड युनियनची स्थापना १८२३ ची. वृत्तपत्रातील बातमी म्हणजे सभागृहात मांडावयाचा ठराव, ही दृष्टी येथील विद्यार्थ्यांत रुजली. बातमी खरी की खोटी यापेक्षा तिच्या कोणत्या बाजूने बोलता येईल, याकडे अधिक लक्ष दिले जाई, अशी टीका या शिक्षणावर झालेली आहे व ती अगदीच निराधार नाही. अमेरिकेत याउलट विद्यार्थ्यांनी स्वतःचीच वृत्तपत्रे काढली. हार्व्हर्ड, येल व कोलंबिया या विद्यापीठांतील विद्यार्थिपत्रे १८७३ ते १८७८ या काळात सुरू झाली व पुढे दैनिके बनली. तेथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने पहिली बातमी विद्यापीठाच्या आवारातील. राष्ट्राची व जगाची त्यानंतर. भारतीय विद्यापीठांत वार्षिक अंकांची परंपरा मोठी असली, तरी असे दैनिक मूळ धरू शकले नाही.

जपान : मेजी काळाच्या आरंभी जपानी शहरांत लोकांसाठी वृत्तपत्र-वाचनगृहे उघडली गेली व त्यांना प्रथम शासनाचेही उत्तेजन होते. लोकांनी बातम्या वाचल्यास ते नव्या राजवटीस अनुकूल होतील, अशी अपेक्षा त्यामागे होती. ती फोल ठरताच १८७५ चा वृत्तपत्रविषयक कायदा आला. १८८० च्या सभाविषयक कायद्याने तर सैनिक, पोलीस, शिक्षक व विद्यार्थी यांना राजकीय सभांना जाण्यास मनाई केली. केओ विद्यालयाचा संस्थापक फुकुझावा यूकिची याने १८८२ मध्ये जिजी शिंपो हे दैनिक काढले व त्यासाठी माणसे आपल्याच विद्यार्थ्यांतून घेतली. पुण्यात टिळक-आगरकरांनी न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) आणि केसरी व मराठा (१८८१) यांची जी जोडी उभारली, तिच्याशी याचे साम्य लक्षणीय आहे. दोन्ही ठिकाणच्या मंडळींना परस्परांची वार्ता असल्याचे दिसत नाही. शाळा व छापखाना या एकाच कार्याच्या दोन बाजू होत, हा निष्कर्ष त्यांनी स्वतंत्रपणेच काढला असावा.

चीन : चिनी विद्यार्थ्याचा बातमीशी असलेला संबंध १९१९ च्या मे महिन्यात सर्वांत स्पष्टपणे दिसला. पॅरिसच्या शांतता परिषदेत शांतुंग प्रांतातील जर्मनीचे हक्क जपानला देण्याचे ठरले. ही वार्ता तारेने पीकिंगला पोहोचली व २ मे रोजी तेथील चेनपाओ या दैनिकात लिन चांगमिन याच्या लेखाने ती सर्वतोमुखी झाली. ४ मे रोजी तेरा शिक्षणसंस्थांतील सु. तीन हजार विद्यार्थी तिआनआनमेनपुढे जमले. बातमी आणि मोर्चा यांत जेमतेम दोन दिवसांचे अंतर होते. जूनमध्ये शांघायमधील व्यापारी व कामगार संपात उतरले आणि २८ जून रोजी व्हर्सायच्या तहावर चीनने सही केली नाही. पीकिंग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सामान्य जनांसाठी व्याख्यानमंडळ स्थापिले होते. निरक्षर लोकांपुढे उभे राहून घडामोडी सांगणे, हे सुशिक्षिताचे कर्तव्य मानले गेले. सुशिक्षिताने राज्याच्या बऱ्यावाईटाची चिंता वाहिली पाहिजे, या जुन्या कन्फ्यूशसप्रणीत संकेताचाच हा नवा अवतार होता, असे म्हणता येते.

या वातावरणाचे एका व्यक्तीच्या आयुष्यातील प्रतिबिंब माओ त्से-तुंगच्या आठवणींत सापडते. चांगशा येथील विद्यार्थिदशेत आपल्या एकूण खर्चापैकी सु. एक तृतीयांश रक्कम वृत्तपत्रांवर गेली व वडिलांनी ही उधळपट्टी म्हणून आपल्याला बोल लावले, असे त्याने १९३६ मध्ये अमेरिकन पत्रकार एडगर स्नो याला सांगितले. पुढे १९१८ च्या हिवाळ्यात पीकिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याला महिना आठ युआनवर नोकरी मिळाली. वृत्तपत्रे वाचावयास येणाऱ्यांची नावे नोंदवणे, हे त्याचे काम होते. त्या नावांत नव्या विचारांचे कित्येक नामवंत होते. परंतु ग्रंथालयातील या दक्षिणी बोलीच्या मदतनिसाशी बोलावयास त्यांना सवड नसे. जुलै १९१९ मध्ये त्याने चांगशात काढलेले साप्ताहिक थोडेच अंक निघाल्यावर लष्करी प्रांताधिपतीने बंद केले. साम्यवादी राजवटीत परदेशी वृत्तसंस्थांच्या बातम्यांचे भाषांतरित पत्र निघत असे. परंतु १९८५ पर्यंत ते ठराविक वर्गांपुरतेच मर्यादित होते. आवाराच्या भिंतींवरील मोठ्या अक्षरांची पत्रके हेच विद्यार्थ्यांचे वर्तमानपत्र होऊन बसले. मे १९६६ मध्ये पीकिंग विद्यापीठात लागलेल्या अशाच एका पत्रकापासून सांस्कृतिक क्रांतीच्या वणव्याने विद्यापीठांत पेट घेतला.

महाराष्ट्र : मराठी वृत्तपत्राचा जन्मच एका तरुण अध्यापकाच्या हातून झाला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी दर्पण सुरू केले, तेव्हा ते विशीतले होते. एका स्तंभात मराठी व शेजारी इंग्रजी, ही त्याची मांडणी इंग्रजी शिकणाऱ्या तरुणास नकळत पाठ्यपुस्तकासारखीही उपयोगी पडणारी होती. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांच्या ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ने (१८४८) मराठी व गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा काढल्या. तिच्या वर्तुळातील दादाभाई नवरोजींनी १८५१ मध्ये रास्त गोफ्तार हे गुजराती पत्र सुरू केले. मुंबईचा विद्यार्थी अशा रीतीने प्रारंभापासून द्विभाषिक वा त्रैभाषिक वाचक होता. सरकारी वर्तुळातील बातमी तो इंग्रजी पत्रात पाही आणि तिचा अर्थ देशी भाषेतील पत्रात शोधी.

पुण्यात ही विभागणी निराळ्या रीतीने झाली. केसरीच्या स्थापनेनंतर सु. दीड वर्षाने कोल्हापूर प्रकरणी टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये कारावास घडला, तेव्हा खटल्याच्या खर्चासाठी विद्यार्थ्यांनी नाट्यप्रयोग करून निधी जमविला. संपादकासाठी वाचकाने पदरमोड करण्याचा हा मराठीतील आद्य प्रसंगांपैकी एक होय. आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक काढला, टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यामुळे तेथील विद्यार्थ्यापुढे विलक्षण परिस्थिती उभी राहिली. वर्गात शिकविणारे प्राचार्य एका पत्राचे संपादक आणि कालपरवापर्यंत गणित शिकविणारे माजी प्राध्यापक दुसऱ्या, प्रतिस्पर्धी पत्राचे. संमतिवयाच्या विधेयकावरील (१८९१) वाद हा अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने दूरच्या सत्तेविषयीची बातमी नव्हता. तो त्याच्या गुरूंमधला वाद होता. प्रागमध्ये विद्यार्थ्यांची फूट भाषेवर पडली, पुण्यात ती एकाच भाषेतील दोन पत्रांवर पडली. पुढील दोन पिढ्यांचे मराठी राजकारण या फुटीवर वाढले.

शिवराम महादेव परांजपे (१८६४–१९२९) यांच्या काळ (१८९८) या साप्ताहिकाने तरुण वाचकाला आणखी एक सवय लावली. ती म्हणजे बातमीतील उपरोध ओळखण्याची. राजद्रोहाच्या कायद्याला चुकवून लिहिणाऱ्या संपादकाला न लिहिलेले वाचणारा वाचक लागतो, आणि तो महाविद्यालयांतून मिळाला. वंगभंगाच्या चळवळीत ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल विनायक दामोदर सावरकर यांना फर्ग्युसन महाविद्यालयाने दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढले. या शिक्षेवर केसरीने कडक टीका केली. म्हणजे विद्यार्थी बातमीचा वाचक होता तो आता बातमीचा विषय झाला. सावरकरांनी १९०६ नंतर लंडनहून पाठविलेली बातमीपत्रे काळ व विहारी यांत छापली जात. परदेशी शिकणारा मराठी तरुण मायदेशातील तरुणांचा वार्ताहर होण्याची ही परंपरा पुढेही दीर्घकाळ चालली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले ना. भि. परुळेकर यांनी १९३२ मध्ये सकाळ काढले, तेव्हा तेथे पाहिलेली वृत्तसंकलनाची पद्धती त्यांनी पुण्यात आणली. मतपत्रांवर वाढलेल्या वाचकाला स्थानिक बातमीची गोडी लागली ती त्यानंतर.

शासनाची प्रतिक्रिया जर्मनीतील व जपानमधील कायद्यांच्या जातकुळीचीच होती. बंगाल सरकारचे कार्लाइल परिपत्रक ऑक्टोबर १९०५ मध्ये निघाले व त्याच महिन्यात वृत्तपत्रांतून उघड झाले. त्याच्या विरोधात कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांनी परिपत्रकविरोधी संघ स्थापिला. ६ मे १९०७ रोजी भारत सरकारचा सचिव हर्बर्ट रिझ्ली याने सर्व प्रांतांसाठी परिपत्रक काढले. विद्यार्थ्यांना राजकीय सभांपासून दूर न ठेवणाऱ्या संस्थांचे अनुदान, शिष्यवृत्त्या व विद्यापीठाची संलग्नता धोक्यात येईल, असा त्याचा मथितार्थ होता. विद्यार्थ्याला शिक्षा करण्याऐवजी त्याच्या प्राचार्यालाच पहारेकरी करण्याची ही युक्ती होती. अनुदानावर अवलंबून असलेल्या खासगी महाविद्यालयांच्या चालकांची त्यामुळे मोठी कुचंबणा झाली. त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप करणाऱ्या समकालीन लेखनाने, संस्था बंद पडल्यास शेकडो मुलांचे काय झाले असते, हा प्रश्न क्वचितच विचारात घेतला. १९०८ मध्ये टिळक व परांजपे या दोघांनाही शिक्षा झाल्या आणि १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यानंतर काळ बंद पडले.

बातम्यांवरील निर्बंधाला विद्यार्थ्यांनी दिलेले सर्वांत धीट उत्तर मात्र १९४२ चे. ऑगस्टमध्ये नेत्यांना अटक झाल्यावर व वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाल्यावर मुंबईत उषा मेहता (१९२०–२०००) या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने शिक्षण सोडून काही सहकाऱ्यांसह ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त केंद्र उभारले. ४२·३४ मीटर लांबीवर त्याचे प्रक्षेपण होत असे. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून यंत्र वारंवार नव्या जागी हलविले जाई. विदर्भातील आष्टी व चिमूर येथील उठावाच्या आणि नंतरच्या अत्याचारांच्या वार्ता नियंत्रित वृत्तपत्रांत येऊ शकत नव्हत्या. त्या या केंद्रावरून सांगितल्या गेल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्र पकडले व मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. सुटकेनंतर त्यांनी अपुरे शिक्षण पूर्ण केले व पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राचे अध्यापन केले.

ध्वनिक्षेपणाचा असाच, पण कायदेशीर, उपयोग फ्रान्समध्ये १९६८ च्या मे महिन्यात झाला. सरकारी दूरचित्रवाणी मोघम बोलत असताना सीमेपलीकडून ध्वनिक्षेपण करणाऱ्या खासगी केंद्रांचे वार्ताहर १० मेच्या रात्री पॅरिसच्या लॅटिन विभागातील अडथळ्यांजवळ उभे होते. विद्यार्थी खिशातील ट्रांझिस्टरवर स्वतःच्याच लढ्याची बातमी ऐकत होते आणि पोलीस कोणत्या रस्त्यावर आहेत, हेही त्यांना त्यातूनच समजत होते. विद्यापीठाचे अधिकारी व अध्यापकांचा नेता यांच्यातील बोलणीही त्या रात्री आकाशवाणीवरूनच लोकांच्या कानी पडली.

परीक्षा व नोकरी यांसाठी वाचन : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियातील अनेक देशांत वृत्तपत्रवाचनास परीक्षेचे वळण लागले. जपानी विद्यार्थी पदवीच्या अखेरच्या वर्षांत नोकरीच्या मुलाखतींसाठी निहोन केइझाई हे अर्थविषयक दैनिक वाचू लागतो. एरवी त्याचे त्यावाचून काही अडत नाही. भारतात लोकसेवा आयोगांच्या परीक्षांनी ‘चालू घडामोडी’ हा स्वतंत्र अभ्यासविषयच निर्माण केला. पुण्याच्या सदाशिव पेठेतील व आसपासच्या अभ्यासिकांत ग्रामीण महाराष्ट्रातून आलेले हजारो तरुण वृत्तपत्रातील अग्रलेखांच्या टिपणवह्या तयार करतात. आयोग, अहवाल, करार, पुरस्कार यांच्या नोंदी तीत असतात. मोर्चा, अपघात वा गुन्हा यांना तीत स्थान नसते. एकेकाळी जे वाचल्याबद्दल विद्यार्थी शासनाच्या संशयास पात्र ठरे, तेच वाचून तो आता शासनाच्या सेवेत जाऊ पाहतो. हा बदल अधोगती म्हणावा असा नाही. शेतकरी कुटुंबातील पहिल्या पदवीधराला नियमित वाचनाची शिस्त या परीक्षेनेच लावली. मात्र बातमी ही उत्तरपत्रिकेत लिहावयाची बाब ठरली की तिच्यावर स्वतःचे मत बनविण्याची निकड कमी होते, हेही खरे.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून भ्रमणध्वनीवरील वाचनाने सार्वजनिक मेज मागे पडले. बातमी आता मित्राने धाडलेल्या दुव्याच्या रूपाने येते आणि कोणी काय वाचले, याची नोंद ग्रंथालयातील मदतनिसाऐवजी यंत्र ठेवते. अभ्यासिकांत छापील अंक अजून दिसतो, तो बहुधा पाने सुटी करून चौघापाचांत वाटून घेतलेला. त्याच विद्यार्थ्यांच्या हातातील भ्रमणध्वनीवर मात्र बीड, लातूर वा यवतमाळची जिल्हा आवृत्ती उघडलेली असते. तीत पाऊस, बाजारभाव व गावाकडच्या निवडणुका यांच्या बातम्या असतात आणि त्यांची टिपणे कोणी काढीत नाही.